आबांची चारशे चार

त्या म्हाताऱ्याचा मला अजून राग येतो. तो जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला उगाळत बसतोस, असं बायको म्हणते. तिच्या मते माझा उजवा खांदा आणि माझा तो जुना घरमालक, दोन्ही थंडी पडली की ठणकायला लागतात. ठणकू देत. समोर असताना मी त्याला आबा म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो, पाठीमागे मात्र म्हातारा. आज तो समोर नाही, तेव्हा इथेही म्हाताराच म्हणणार आहे.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, त्याचं बैठं कौलारू घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत तो एकटा, मागची एक खोली भाड्याने. गिरणीच्या संपानंतर माझे वडील मालवणला परत गेले होते आणि मी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. खोली शोधत फिरत होतो. पानवाला म्हणाला, "त्या चारसोचारकडे रिकामी आहे. पण टिकत नाही रे तिथे कोणी."

चारसोचार हे त्याचं गल्लीतलं नाव. नवीन माणसाला वाटायचं, चारसोबीसचा धाकटा भाऊ असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

मी गेलो तर त्याने गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. ओट्यावर बसवलं आणि म्हणाला, "समज, दाट कारवी आहे. तीस पावलांवर गवा उभा आहे. त्याने तुला बघितलंय. तुझ्या हाताशी चार बंदुका आहेत. तीनशे पंचाहत्तर, चारशे चार, चारशे सत्तर आणि पाचशे. कुठली उचलशील?"

हे आकडे कशाचे तेही मला ठाऊक नव्हतं. सकाळपासून खोल्या बघून पायांचे तुकडे पडले होते. वैतागून म्हटलं, "आबा, मी पळेन."

 तो उठला आणि आतून किल्ली घेऊन आला. माझ्या आधी एक बँकेतला कारकून आला होता, तो छाती काढून "पाचशे" म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं. तिथेच काय ते ओळखायला पाहिजे होतं.

आता हे आकडे कशाचे ते सांगतो, कारण त्या घरात राहून मला ते झोपेतसुद्धा पाठ झाले. कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या भोकाचं माप. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चारशे चार, ती चारशे चार. "पण गोळी मोजलीस तर चारशे तेवीस भरते," म्हातारा सांगायचा. "नाव एक, माप एक. माणसासारखंच आहे." शिकारीवर बंदी येऊन वर्षं लोटली होती. आमच्या भागात मारायला डासांशिवाय काही नव्हतं. आणि हा माणूस सकाळी दात घासताना मला विचारणार, "हत्ती समोरून आला तर तीनशे पंचाहत्तर पुरेल का रे?" मी पहिल्या पाळीला पळायच्या घाईत, तोंडात पेस्ट. डोक्यात जायचा नुसता.

तो घाटावरच्या एका लहान संस्थानात बंदूकखान्याचा कारकून होता. बंदुकांना तेल लावायचं, काडतुसं मोजायची, आणि शिकारीला निघालं की राजेसाहेबांच्या मागे दुसरी बंदूक घेऊन उभं राहायचं. संस्थान विलीन झालं तेव्हा बाकीच्यांना काहीबाही मिळालं, याच्याकडे ती एक चारशे चार राहिली. खोलीत देवांच्या शेजारी खुंट्यांवर आडवी. बरोबर सात काडतुसं, सगळी भरीव गोळीची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. नवीन मिळत नव्हती. ती सात संपली की बंदूक म्हणजे काठी.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि तो ते रोज नव्याने सांगायचा. "लोक कॅलिबर निवडत नाहीत, मिशा निवडतात. पाचशेची बंदूक घेतात आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, कारण खांद्याला दणका माहीत असतो. डोळे मिटून मारलेली गोळी कुठे जाते? पोटात जाते. जनावर दुखावतं. मग ते दोन दिवस झाडीत मरत बसतं, नाहीतर तुला मारतं." मग बोट वर करायचा. "आपल्याला पेलेल तेवढीच मोठी आणि जनावराला पुरेल तेवढी तरी मोठी. या दोन्हींच्या मधे जेवढी जागा उरते, तेवढंच कॅलिबर. पुष्कळांच्या बाबतीत जागा उरतच नाही. त्यांनी घरी बसावं."

माणसंही तो बोरांत, म्हणजे नळीच्या मापात, मोजायचा. रेशन दुकानदार बावीस बोर, चिमण्या मारायच्या लायकीचा. आमचा नगरसेवक बारा बोर, आवाज मोठा आणि पन्नास पावलांपलीकडे काही लागत नाही. मी कोण, असं एकदा विचारलं. म्हणाला, "तू अजून भरलेला नाहीस."

यातलं काहीही मी सहन केलं असतं. पण पाण्याचं त्याने जे चालवलं होतं, त्याला मी आजही नालायकपणाच म्हणतो. पाणी पहाटे पाच ते सहा यायचं, आणि मागच्या खोलीची टाकी भरणारा पंप त्याच्या स्वयंपाकघरातल्या बटणावर. एक लोखंडी नळ होता, म्हणजे पाइपचा तुकडा, साडेचार किलोचा, बंदुकीच्या लांबीचा कापून घेतलेला. तो खांद्याशी लावून घराभोवती वीस फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीला चिंचेशी थांबून तो बुंध्यावरच्या खडूच्या ठिपक्यावर धरायचा, दहा आकडे मोजेपर्यंत. हे झाल्याशिवाय पंप चालू होणार नाही. मी भांडलो. एकदा दोन दिवस आंघोळीशिवाय कामाला गेलो. शेवटी हरलो. सुपरवायझर नाकाला रुमाल लावायला लागला म्हणून हरलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीतून बघायच्या आणि एकमेकींना बोलवायच्या.

रविवारी वेगळी शिक्षा. बंदूक खुंटीवरून मी काढायची, त्याने नाही. आत एक खोटं पितळी काडतूस घालायचं, नळीच्या टोकावर पाच पैशाचं नाणं आडवं ठेवायचं आणि चाप ओढायचा. खट् आवाज झाला पाहिजे, नाणं पडलं नाही पाहिजे आणि पापणी लवली नाही पाहिजे. तो स्टूल टाकून माझ्या डोळ्यांकडे बघत बसायचा. "लवली," म्हणायचा. "परत." दसऱ्याला पूजेसाठीसुद्धा बंदूक मीच पाटावर ठेवायची, तो फक्त फूल वाहणार. मला वाटायचं, काय हा मालकीचा माज, भाडेकरूला गडी करून ठेवलाय. चहाचंही त्याचं तसंच. कप-बशी कधी उचलायचा नाही. बशी टेबलावर ठेवून, वाकून तोंड लावायचा. मी ते सगळं विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकलं होतं. डोळे माझेही उघडे नव्हते.

एकदा घाटकोपरचा एक बिल्डर आला. मोटार गल्लीत मावेना. त्याला आफ्रिकेत जाऊन रेडा मारायचा होता, जंगली. तिकडे पैसे भरले की मारू देतात म्हणे. कुणीतरी सांगितलं होतं, मुलुंडला एक म्हातारा आहे, त्याला विचार. बिल्डर ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबासाहेब, सगळ्यात मोठी कुठली ते सांगा ना. चारशे अठ्ठावन्न बघून ठेवलीय."

म्हाताऱ्याने मला नळ आणायला सांगितला. बिल्डरला म्हणाला, "त्या चिंचेवरच्या ठिपक्यावर धर."

सहाव्या आकड्याला नळ खाली आला. बिल्डर हसला, घाम पुसला, म्हणाला, "तिकडे उचलायला माणूस देतात हो."

"चाप ओढायलाही देतात काय?" म्हाताऱ्याने विचारलं. "तू तीनशे पंचाहत्तर घे. भरीव गोळी घे. आणि आधी सहा महिने हा नळ धर."

"तीनशे पंचाहत्तर माझ्या मेव्हण्याकडे आहे," बिल्डर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मेव्हण्यापेक्षा लहान नको, एवढंच त्याचं शास्त्र. म्हातारा उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. चहा मीच दिला. बिल्डर जाताना मला म्हणाला, "सटकलाय रे तुझा मालक." मी हो म्हटलं.

ती भरीव गोळी त्याच्या तोंडातून कधी गेली नाही. गोळी दोन जातींची. मऊ टोकाची आत शिरली की फुलते, वाघ-बिबट्याला ती बरी. गव्याला, हत्तीला भरीव लागते, हाडातून सरळ जाणारी. मऊ गोळी गव्याच्या खांद्याच्या हाडावर आपटून तिथेच फुटते. हे त्याने मला शंभर वेळा सांगितलं असेल. का सांगतो, ते एकदाच सांगितलं, एका दसऱ्याला पूजा झाल्यावर.

संस्थानात कोणी पाहुणा आला होता. आदल्या दिवशी वाघासाठी बसले होते, म्हणून तीनशे पंचाहत्तरमध्ये मऊ गोळ्या भरलेल्या. दुसऱ्या दिवशी अचानक गव्याची बातमी आली. पाहुण्याचा खांदा मोठ्या बंदुकीने काळानिळा झालेला, त्याने हलकी मागितली. आबाने हलकी दिली. गोळ्या बदलल्या नाहीत. "कॅलिबर बरोबर होतं," तो म्हणाला. "आतलं चुकलं. चूक माझी." गवा दुखावून कारवीत शिरला. माग काढायला जो माणूस पुढे गेला तो आबाचा थोरला भाऊ. गव्याने त्याला झाडाला दाबून मारलं. मग आबानेच पाठीवरची चारशे चार काढली आणि गवा पाडला. राजेसाहेबांनी ती बंदूक त्याला बक्षीस दिली.

"भावाच्या बदल्यात बंदूक," मी म्हणालो. मला संताप आला होता. "आणि तुम्ही घेतलीत?"

"घेतली," तो म्हणाला. "पुन्हा माझ्यासमोर जनावर दुखावलेलं राहू नये म्हणून घेतली." आणि वाकून चहा प्यायला लागला.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागच्या खेपेला जमा केलेली परत आली तेव्हा म्हाताऱ्याने नळीत चिंधी घातली, ती काळी निघाली. कोणीतरी कुठलं तरी जुनं काडतूस मिळवून त्याची बंदूक उडवली होती. तेव्हापासून त्याने ठरवलं, बोल्ट द्यायचा नाही. बोल्ट म्हणजे मागचा तो लोखंडी दांडा, ज्याच्या टोकाला काडतुसावर आपटणारी पिन असते. तो काढला की बंदूक म्हणजे लाकूड आणि पाइप. मी म्हटलं, "आबा, नियमाने द्यायची तर पूर्ण द्या ना. उगाच लफडं होईल." त्याने ऐकलं नाही. बंदूक कापडात शिवून आम्ही ठाण्यात नेली, हवालदाराने कापड न उसवताच "बंदूक एक" असं लिहून पावती दिली. काडतुसं कोणी मागितलीच नाहीत. घरी आल्यावर म्हाताऱ्याने बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून कुठेतरी लपवला आणि दोन दिवस मोठा तीर मारल्यासारखा फिरत होता.

त्या वेळी हायवेलगतच्या मैदानात सर्कस लागली होती. एका रविवारी सकाळी तिथल्या हत्तिणीने माहुताला मारलं. का मारलं, देव जाणे. कोणी म्हणत होतं, पायाला जुनी जखम होती आणि तिच्यावर साखळी घासायची. ती तंबूतून निघाली, हायवे ओलांडला आणि मिठागरात शिरली. खाडीच्या बाजूच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. आता ती कुठे जाणार नव्हती. कुणाचं काही बिघडवणार नव्हती. आजही माझं म्हणणं आहे की थांबायला पाहिजे होतं, जाणकार कोणी बोलवायला पाहिजे होतं. पण एक माणूस मेला होता, गर्दी जमली होती, आणि पोलिसांच्या साहेबाला काहीतरी करून दाखवायचं होतं.

पहिला बार झाला तेव्हा म्हातारा ओट्यावर होता. "तीनशे तीन," तो म्हणाला. मग दुसरा, तिसरा, मग लागोपाठ. त्याने काडतुसांचा डबा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा आठ-दहा शिपाई ओळीने उभे राहून दीडशे पावलांवरून हत्तिणीच्या कपाळावर गोळ्या मारत होते. ती ओरडत होती. तो आवाज मी सांगू शकत नाही. मिठाच्या पांढऱ्या ढिगांवर पोरं चढून बघत होती.

म्हातारा सरळ इन्स्पेक्टरकडे गेला. "साहेब, कपाळावर मारू नका. तिथे हाडाची नुसती जाळी असते. बाजूने जा. कानाचं भोक आणि डोळा यांच्यामधली रेघ धरा, भोकापासून चार बोटं पुढे. तीनशे तीननेसुद्धा मरेल. पण जवळ जा."

"ओ आजोबा, बाजूला व्हा," इन्स्पेक्टर म्हणाला. "जवळ कोण जाणार?"

"माझी चारशे चार तुमच्या ठाण्यात आहे. सोडवून द्या. मी जातो."

"इलेक्शन आहे. कळतं ना?"

पाऊण तास. मी घड्याळात बघत होतो. पाऊण तास ते मारत राहिले, आणि ती मरत नव्हती. शिपायांचे चेहरेही उतरले होते, एक जण बाजूला जाऊन ओकला. शेवटी गोळ्या संपत आल्या तेव्हा साहेबाने एका कागदावर दोन ओळी खरडल्या आणि म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. आम्ही रिक्षाने ठाण्यात. हवालदाराने बंदूक आणली, कापड उसवलं. म्हाताऱ्याने पिशवीतून काडतुसांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि बंदुकीकडे बघितलं. बोल्टच्या जागी खाच.

तो माझ्याकडे वळला. "कोकण्या," म्हणाला, "बोल्ट."

हवालदार हसायला लागला. "आजोबा, हत्तीला काय हिने ढोसणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालदारावर नाही, म्हाताऱ्यावर. मी सांगितलं होतं. त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

"कुठे आहे?"

"तांदळाच्या डब्यात. सायकल घे कुणाची तरी."

तांदळाच्या डब्यात नव्हता. मी कोपरापर्यंत हात घातला, मग डबाच उलटा केला. गव्हाच्या डब्यात नाही, डाळीत नाही, गादीखाली नाही, देवांच्या मागे नाही. अख्ख्या स्वयंपाकघरात धान्य पसरलं होतं आणि मी त्यात उभा राहून त्याला आईमाईवरून शिव्या घालत होतो. काहीही लपवायचं तर दर वेळी नवीन जागा शोधायची आणि सांगताना जुनी सांगायची. मिठागराकडून अधूनमधून एक-एक बार ऐकू येत होता, म्हणजे ती अजून जिवंत होती. मग एकदम आठवलं, म्हातारा पंधरा दिवस गार पाण्याने आंघोळ करत होता. थंडीत. मी विचारलं तर म्हणाला होता, प्रकृतीला बरं. मी न्हाणीत धावलो. तांब्याचा बंब. खालची राख उकरली, आत तेलाचं फडकं. बोल्ट वाचवायला बंब पेटवत नव्हता गाढव.

मी मिठागरावर पोचलो तेव्हा म्हातारा ठाण्यातून तिथे आला होता आणि एक शिपाई बंदूक धरून त्याच्या शेजारी उभा होता. म्हाताऱ्याने बोल्ट बसवला. त्याला तेवढं जमलं. दोन काडतुसं भरली, त्यातलं एक खाली चिखलात पडलं, ते पुसून भरलं. मग बंदूक खांद्याला लावली.

नळीचं टोक हवेत गोल गोल फिरत होतं. त्याने खाली घेतली, श्वास घेतला, परत लावली. परत तेच. त्याचे दोन्ही हात मनगटापासून थरथरत होते. तिसऱ्यांदा त्याने लावलीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती टेबलावरची बशी आली, खुंटीवरची बंदूक आली, पाटावरची आली. त्याने कधीच काही उचललं नव्हतं.

त्याने बंदूक माझ्यापुढे धरली.

"आबा," मी म्हटलं, "माका जमाचा नाय." घाबरलो की माझं मालवणी बाहेर येतं.

"दोन वर्षं जमतंय तुला," तो म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं, एवढंच."

इन्स्पेक्टर मागून म्हणाला, "कोणीही मारा, पण संपवा आता."

तो माझ्याबरोबर चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत रुतत, माझ्या पाठीवर हात ठेवून. मोठी गोळी लांबून मारायला घ्यायची नसते, जवळ जायची हिंमत व्हावी म्हणून घ्यायची, असं तो नेहमी म्हणायचा. तीस पावलं झाली, वीस झाली. तिचा कान फाटला होता, सोंड चिखलात पडली होती, आणि डोळा माझ्याकडे होता. लहान, पाणी भरलेला. मला पळायचं होतं. पहिल्या दिवशी मी खरं तेच सांगितलं होतं. पाठीवरचा हात थरथरत होता, पण जागचा हटत नव्हता.

"भोकापासून चार बोटं पुढे. नाणं पडू देऊ नको."

मी चाप ओढला. खट्. नुसतं खट्.

"हलू नकोस," तो म्हणाला. "जुनं काडतूस आहे, उशिरा उडेल. नेम सोडू नको. तीस मोज." आम्ही दोघांनी मोजलं. तिच्या डोळ्यात बघत मी तीस आकडे मोजले. कोणावर अशी वेळ येऊ नये. तीस झाले, मी बोल्ट मागे ओढला, ते काडतूस चिखलात पडलं, दुसरं आत गेलं. परत नेम धरला आणि चाप ओढला.

तिचा मागचा भाग आधी खचला. डोकं एकदा वर झालं आणि खाली आलं. मग काही हललं नाही. खांद्यात आग पेटली होती, कानात काही ऐकू येत नव्हतं. वळून बघितलं तर म्हातारा चिखलात बसला होता. "मेली," म्हणत होता. "दुखावली नाही आता. मेली." आणि मग "दादा, दादा" करत लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याला उठवावंसं वाटलं नाही. पोलिसांनी उठवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पोलिसांच्या गोळीबारात हत्तीण ठार. बरंच झालं. माझं नाव आलं असतं तर आईने वाचलं असतं. खांदा महिनाभर निळा होता. दुसऱ्याच पहाटे पाचला पंप फेऱ्यांशिवायच चालू झाला, नळ ओट्याखाली गेला होता. त्याने मला पाणी फुकट दिलं, याने तर माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या खोलीत गेलो.

"मला कशासाठी ठेवलंत?" विचारलं. "भाडेकरू म्हणून? की हात म्हणून?"

तो खोटं बोलला असता तर मी कदाचित राहिलो असतो. "माझे हात जाऊन दहा वर्षं झाली," तो म्हणाला. "सात काडतुसं होती आणि हात नव्हते. येईल त्याला विचारायचो. सगळे बंदूक उचलायला तयार. ज्याला उचलायची हौस आहे त्याच्याकडे ती कशी देणार? तू पळेन म्हणालास."

मी महिन्याभरात खोली सोडली. भांडुपला एका मित्राकडे गेलो. ट्रंक रिक्षात ठेवली तेव्हा म्हातारा फाटकाशी आला. बंदुकीचं बोलला नाही, हत्तिणीचं बोलला नाही. माझ्या खांद्याकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, रविवारी स्टुलावर बसून बघायचा तसं.

"एक सांग," म्हणाला. "मी मागे होतो, मला दिसलं नाही. चाप ओढताना डोळे मिटलेस का?"

त्याला काय ऐकायचंय ते मला पक्कं माहीत होतं. दोन वर्षं त्याने मला कापलं, तासलं, न विचारता तयार केलं, आणि आता त्याला पावती पाहिजे होती. मी म्हटलं, "हो. मिटले."

त्याने मान हलवली. एकदा "बरं" म्हणाला आणि आत गेला. पुढच्या वर्षी तो वारला, मी गेलो नाही. पानवाल्याने नंतर सांगितलं, शेवटी शेवटी तो कॅलिबरचं बोलायचाच बंद झाला होता. नवीन भाडेकरूही ठेवला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, मला निवडता येत नाही.

मी खोटं बोललो. माझे डोळे उघडे होते. पापणीसुद्धा लवली नव्हती, टोकावर नाणं असतं तर बार उडेपर्यंत जागेवर राहिलं असतं. मी सगळं बघितलं, तिचा डोळा विझताना बघितला, आणि अजून बघतो. त्याने माणूस बरोबर निवडला होता. एवढं एक वाक्य त्या फाटकाशी मी त्याला देऊ शकलो असतो. दिलं नाही, आणि त्याचाही राग मी त्याच्यावरच काढत बसलोय.